मुलजिम आणि मुजरिम



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, नाटकावर, निजाम राजवटीतल्या मराठी शाळांवर बोलणारी विद्वान मंडळी येऊन गेली. माझ्यासारख्या होमिओपॅथीच्या डॉक्टरला चिटणिसांनी विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "वर्तमानपत्रातल्या गुन्ह्यांच्या बातम्या." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आरोग्यावर काही नाही का?" मी म्हटलं, "हेही आरोग्यच आहे." हे व्याख्यान पुढे छापून तुमच्या घरी येणार आहे, म्हणून आज समोर नसलेल्या वाचकांनाही मी श्रोत्यांमध्येच धरतो.

सुरुवात घरापासून करतो. माझे वडील सुलतान बाजारात एका वकिलांकडे कारकून होते. त्यांची उमेदवारी निजामाच्या काळातली. कोर्टाची भाषा तेव्हा उर्दू होती. घरात मराठी, बाजारात दखनी आणि तेलुगू, देवळात प्राकृत, आणि कचेरीत उर्दू, असं त्यांचं आयुष्य पाच भाषांत वाटलेलं होतं. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेच आजोबा असतील. संध्याकाळी मी त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत असे. 'चोर पकडला' असं वाचलं की ते हात वर करून मला थांबवत. "चोर कुणी ठरवला? तो मुलजिम आहे. मुजरिम कोर्ट म्हणेल तेव्हा." इल्जाम ज्याच्यावर आला तो मुलजिम आणि जुर्म ज्याच्यावर शाबीत झाला तो मुजरिम. आपल्या मराठीत आरोपी आणि दोषी. दोन शब्दांत अक्षरांचा फरक थोडा, पण सगळा फौजदारी न्याय त्या दोघांच्या मधल्या जागेत राहतो.

दहा-बारा वर्षांचा असताना शिकलेला हा धडा मी साठीच्या उंबरठ्यावर विसरलो. कसा विसरलो आणि तो मला पुन्हा कुणी शिकवला, एवढंच आज सांगायचं आहे.

२७ नोव्हेंबर २०१९ ची रात्र आठवा. शमशाबादजवळच्या तोंडुपल्ली टोलनाक्यापाशी एका तरुण पशुवैद्यक डॉक्टर मुलीवर अत्याचार झाला, तिला मारलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शादनगरजवळ चटनपल्ली इथल्या पुलाखाली तिचा जळालेला देह सापडला. तिचं नाव मी घेणार नाही. का, ते पुढे येईलच. सारं शहर हादरलं होतं. माझी मुलगी त्याच वयाची. त्या आठवड्यात ती रात्री ड्यूटीवरून परत येईपर्यंत मी गेटपाशी उभा राहत असे. दोन दिवसांत चार तरुणांना अटक झाली. ६ डिसेंबरला, शुक्रवारी, पहाटे चटनपल्लीलाच पोलिसांच्या गोळीबारात ते चौघेही मारले गेले. पोलिसांनी सांगितलं, त्यांनी आमची पिस्तुलं हिसकावली. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, फटाके वाजवले, मिठाई वाटली.

त्या मिठाईत माझाही वाटा होता. काचीगुड्याच्या दवाखान्यात मी काउंटरवर पेढ्यांचा डबा ठेवला. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघत चालणाऱ्यांच्या घरात वाढलेला मी, चार माणसांच्या मृत्यूचे पेढे वाटत होतो आणि मला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. दुपारी माझी भाची आली. ती शहरातल्या एका विधी महाविद्यालयात शिकवते. मी डबा पुढे केला. तिने हात मागे घेतला आणि विचारलं, "मामा, खटला कधी झाला?"

मी चिडलो. तुला मुलगी नाही म्हणून तू असं बोलतेस, असं काहीसं म्हणालो. ते वाक्य मला आजही बोचतं. त्यानंतर आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं राहिलं.

१२ डिसेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या गोळीबाराच्या चौकशीसाठी तीन जणांचा आयोग नेमला. अध्यक्ष होते न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. मुंबई उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती रेखा बलदोटा आणि सीबीआयचे माजी संचालक कार्तिकेयन हे सदस्य. आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये अहवाल दिला आणि मे महिन्यात तो लोकांसमोर आला. पिस्तुलं हिसकावल्याची हकिकत विश्वास ठेवण्याजोगी नाही, चौघांवर जीव घेण्याच्या इराद्याने गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्या चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असा निष्कर्ष त्यात आहे. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, अशी शिफारस आहे. पुढचा वाद तेलंगणा उच्च न्यायालयात गेला. त्या पोलिसांनाही मी दोषी म्हणणार नाही. आयोगाचा निष्कर्ष म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. वडिलांच्या भाषेत तेही मुलजिमच.

त्या वर्षी दशलक्षण पर्वानंतरच्या क्षमावाणीच्या दिवशी मी भाचीकडे गेलो. आमच्यात त्या दिवशी वर्षभरात दुखावलेल्यांची क्षमा मागतात. मला तीन वर्षांची मागायची होती. तिने चहा दिला आणि म्हणाली, "क्षमा झाली. आता माझ्या वर्गात येऊन बसा."

कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला येणारी मुलं सतरा-अठरा वर्षांची असतात. फौजदारी न्यायाविषयी त्यांना सगळं काही आधीच ठाऊक असतं, कारण ती टीव्ही, सिनेमा आणि मोबाइल बघून आलेली असतात. ही माहिती पुसायची कशी, हाच शिक्षकापुढचा पहिला प्रश्न. भाचीने ती पुसायचा नाद सोडला. तिने तीच अभ्यासाला घेतली. प्रत्येक गटाने महिनाभर रोज तीन भाषांतली तीन वर्तमानपत्रं वाचायची आणि गुन्ह्याच्या बातम्यांची कात्रणवही ठेवायची. हैदराबादेत ही सोय आयती आहे. तेलुगू, उर्दू, हिंदी, इंग्रजी, सगळं एकाच टपरीवर मिळतं. मराठी घरातली मुलं मोबाइलवर मराठी पत्रंही वाचत.

वहीत सहा रकाने. बातमी कोणत्या पानावर, किती मोठी. माहिती कुणी दिली. बातमीतलं क्रियापद कोणतं: 'म्हणाले', 'समजते', की 'उघड झाले'. ज्याला पकडलं त्याच्यासाठी शब्द कोणता: संशयित, आरोपी, गुन्हेगार, की नराधम. प्रकरण कोणत्या पायरीवर आहे: फिर्याद, अटक, आरोपपत्र, खटला, निकाल, की अपील. आणि सहावा रकाना, बातमीत काय नाही.

ते रकाने बघून मला हसू आलं. हे मी चाळीस वर्षं करतो आहे. हानेमानच्या 'ऑर्गनॉन'मध्ये ८३ ते १०४ ही सूत्रं रुग्णाची हकिकत कशी घ्यावी यावर आहेत. रुग्ण काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहा. नातेवाईक काय म्हणतात ते वेगळं लिहा. तुम्ही स्वतः काय पाहिलंत ते आणखी वेगळं. 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर येईल असा प्रश्न विचारू नका. हे तिन्ही एकत्र कालवलं की औषध चुकतं. तुम्ही होमिओपॅथी माना किंवा मानू नका, पण कुणी सांगितलं आणि कुणी पाहिलं हे वेगळं ठेवण्याची शिस्त कुठल्याही शास्त्रात लागते. मी वर्गात बसून मुलांना एवढंच शिकवलं.

पहिल्याच आठवड्यात मुलांच्या ध्यानात आलं की दुसऱ्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच शब्द येतो आहे: पोलीस. आरोपीचं म्हणणं, त्याच्या वकिलाचं म्हणणं क्वचितच. यात वार्ताहराचा डाव असतोच असं नाही. रात्री दहापर्यंत बातमी द्यायची, आणि त्या वेळी बोलायला तयार असलेला माणूस ठाण्यातच भेटतो. पण वाचणाऱ्याच्या मनात एका बाजूची हकिकतच घटना म्हणून बसते.

दुसरी गोष्ट, 'कबुली'. 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' ही ओळ इतकी रुळलेली की आपण तिथे प्रकरण संपलं असं समजतो. भाचीने मुलांना १८७२ च्या पुरावा कायद्याचं २५ वं कलम वाचायला दिलं. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. दीडशे वर्षं हा कायदा आहे, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या कायद्यांतही ही तरतूद कायम आहे. कोठडीत माणूस काय वाटेल ते कबूल करू शकतो, हे इंग्रजांच्या राज्यातही ठाऊक होतं. सुशांतसिंह राजपूत प्रकरणाच्या वार्तांकनावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये जो निकाल दिला, त्यात माध्यमांनी काय टाळावं याची यादी आहे. पोलिसांपुढची कबुली हा जणू ग्राह्य पुरावाच आहे असं लोकांना भासवणं हे त्या यादीत आहे.

तिसरी गोष्ट पायऱ्यांची. बहुतेक कात्रणं पहिल्या दोन पायऱ्यांवरची निघाली. फिर्याद आणि अटक. निकालाची बातमी आली तरी आतल्या पानात, दोन बोटं. ज्याच्या अटकेचा फोटो पहिल्या पानावर, त्याची सुटका शोधावी लागते. म्हणून दुसऱ्या महिन्यात उलटा प्रवास. पाच-सात वर्षांपूर्वीचं एक गाजलेलं प्रकरण घ्यायचं, न्यायालयाच्या संकेतस्थळावरून निकालपत्र काढायचं, आणि पहिल्या दिवसाच्या बातमीशेजारी ठेवून वाचायचं. एका मुलीने मला विचारलं, "सर, हे दोन्ही एकाच घटनेबद्दल आहे ना?" त्या प्रश्नात तिचं पहिलं वर्ष वसूल झालं, असं मला वाटतं.

सिनेमाही होता. २०१४ चा चैतन्य ताम्हाणेंचा मराठी 'कोर्ट' मुलांनी पाहिला. निम्मा वर्ग कंटाळला. कुणी टेबलावर हात आपटत नाही, कुणी ओरडत नाही, साक्षीदार येत नाही, पुढची तारीख पडते. भाची त्यांना सत्र न्यायालयात घेऊन गेली. परत येताना बसमध्ये एक मुलगा म्हणाला, "पिक्चर खरा होता."

आकडेही होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं 'क्राइम इन इंडिया' हे वार्षिक १९५३ पासून निघतं. त्यातली वर्गवारी मुलांनी आपल्या कात्रणांशी ताडून पाहिली. वर्तमानपत्रात खून भरपूर, चोरी आणि मारहाण थोडी. नोंदींत उलट. शिवाय एकाच फिर्यादीत अनेक गुन्हे असतील तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढा मोजला जातो, म्हणजे तो आकडाही डोळे मिटून घ्यायचा नाही. अमेरिकेत जॉर्ज गर्बनर नावाच्या प्राध्यापकाने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून टीव्हीवर संशोधन केलं. जो माणूस टीव्ही फार बघतो त्याला जग आहे त्याहून अधिक क्रूर वाटू लागतं, असं त्याचं म्हणणं. माझ्या दवाखान्यात झोप न येणारी आजीबाई येते. मी आता तिला रात्री काय बघता, हेही विचारतो.

आपल्यापैकी जुन्या मंडळींना हा विषय नवा नाही. १९५९ मध्ये मुंबईत नौदलाचे कमांडर नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने त्यांना नायक केलं. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष म्हटलं. उच्च न्यायालयाने तो कौल फिरवून जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. इथे वर्तमानपत्र आरोपीच्या बाजूने होतं. मुद्दा तोच राहतो. निकाल रस्त्यावर आधी लागला.

आणि आपलं नल्लकुंटा. १९७८ च्या मार्चमध्ये मी अठरा वर्षांचा होतो. पोलीस ठाण्यात एका स्त्रीवर अत्याचार झाल्याचा आणि तिच्या नवऱ्याला जीव जाईपर्यंत मारल्याचा आरोप झाला, शहर पेटलं, संचारबंदी लागली. न्यायमूर्ती मुक्तदर आयोगाने पोलिसांना जबाबदार धरलं. खटला मात्र रायचूरला गेला आणि १९८१ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. तेव्हा आमच्या गल्लीत चर्चा कशाची होती? ती बाई कशी होती याची. भाचीच्या सहाव्या रकान्यात हे मी स्वतः भरलं: तिच्या चारित्र्याबद्दल सगळं होतं, ठाण्यातल्या त्या रात्रीबद्दल फार थोडं.

म्हणजे माध्यमं वाईट, असं मी सांगायला आलो आहे का? मुळीच नाही. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी तो निकाल शब्दन् शब्द वाचून सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं. ते पत्र छापून आलं, स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराचे नियम कडक झाले. अशा गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव छापणं हा अपराध ठरला तोही त्याच दुरुस्तीने. मी मघाशी नाव घेतलं नाही ते त्या कायद्यामुळे. २०१९ मध्ये मात्र आपण सगळ्यांनी तिचं नाव आणि फोटो मोबाइलवरून देशभर फिरवले. तिला न्याय मागता मागता आपण तिच्याविरुद्ध आणखी एक गुन्हा केला.

चौघांनी ज्या बारकाईने तो निकाल वाचला, तीच बारकाई कात्रणवहीतून शिकवायची असते.

इथे कुणीतरी उठून मला विचारील, आणि विचारावंच: "डॉक्टर, तुमच्या मुलीवर ही वेळ आली असती तर?" मी भाचीला हेच विचारलं होतं. तिने उत्तर दिलं नाही, मुलांची एक वही पुढे केली. एका गटाने त्या दहा दिवसांच्या बातम्या तारीखवार लावल्या होत्या. पहिल्या दोन-तीन दिवसांत एक ठळक प्रश्न होता. मुलीच्या घरचे रात्री पोलिसांकडे गेले, तेव्हा हद्द आमची की त्यांची यात वेळ गेला. तक्रार नोंदवायला उशीर केल्याबद्दल तीन पोलिसांना निलंबितही केलं होतं. कोणत्याही ठाण्यात फिर्याद घेतलीच पाहिजे, ती मागाहून योग्य ठाण्याकडे पाठवावी, ही 'झिरो एफआयआर'ची तरतूद आता नव्या संहितेत स्पष्ट शब्दांत आली आहे. मुलीच्या बापाने विचारावा असा तो प्रश्न. ६ डिसेंबरनंतर त्या वहीत तो दिसत नाही. माझ्या बोलण्यातूनही तो त्याच दिवशी गेला. पेढ्यांनी माझं तोंड बंद झालं होतं. शिवाय खटला चाललाच नाही, त्यामुळे त्या रात्री नेमकं काय घडलं आणि कुणी केलं, हे कुठल्याही न्यायालयात शाबीत झालं नाही. त्या मुलीच्या घरच्यांनाही ते कधी मिळालं नाही. खटला हा आरोपीवरचा उपकार आहे असं मी समजत होतो. तो तिचाही हक्क होता.

चकमकीतल्या मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच, मुंबईतल्या चकमकींच्या प्रकरणात, सोळा नियम घालून दिलेले आहेत. गुन्हा नोंदवा, तपास दुसऱ्या यंत्रणेकडे द्या, दंडाधिकारी चौकशी करा, लगेच बक्षीस किंवा बढती देऊ नका. पहिल्या वर्षाच्या मुलाला हे आता सांगता येतं. २०१९ मध्ये मला सांगता आलं नसतं.

शेवटचा तास वर्गात मला विसरता येणार नाही. मुलांना घरच्या व्हॉट्सअॅप गटांतले त्या काळातले निरोप आणायचे होते, नावं खोडून. कुणी आणेना. घरच्यांना वाईट दिसेल, असं त्यांना वाटत होतं. मी माझा मोबाइल काढला आणि ६ डिसेंबर २०१९ ला सकाळी सव्वाआठला आमच्या कुटुंबाच्या गटावर मीच टाकलेला निरोप फळ्यावर लिहायला दिला. नाव खोडू दिलं नाही. मुलांनी रकाने भरले. माहिती कुणी दिली: नाही. आरोपीसाठी शब्द: नराधम. पायरी: अटक. लेखकाच्या मते पायरी: शिक्षा पूर्ण. बातमीत काय नाही, या रकान्यापाशी खडू हातात घेतलेला मुलगा थांबला. माझ्याकडे बघून त्याने हळूच लिहिलं: 'मुलगी.'

खरंच होतं. माझ्या त्या चार ओळींत पोलिसांचा जयजयकार होता, चौघांना शिव्या होत्या, आणि जिच्यासाठी मी पेटलो होतो तिचा उल्लेखच नव्हता.

मंडळी, आपण हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलो ते दुसऱ्याची भाषा ऐकायची सवय ठेवून. त्या सवयीचा एक उपयोग सुचवतो. यंदा घरातल्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या नातवाला किंवा नातीला बरोबर घ्या. एक प्रकरण निवडा. एक शंभर पानी वही आणा, सहा रकाने आखा, आणि निकाल लागेपर्यंत ती वही बंद करू नका. निकालाला वर्षं लागतील. लागू द्यात. तोपर्यंत घरात त्या माणसाला कुणी मुजरिम म्हणालं, तर माझ्या वडिलांसारखा हात वर करा.